एक फोल्डर, दोन राखणदार



घरोघरच्या लॅपटॉपबद्दल हल्ली एक तक्रार वरचेवर कानावर येते. सकाळी लॅपटॉप उघडावा, तर 'डॉक्युमेंट्स' रिकामं. सोसायटीची इतिवृत्तं, मुलीचा प्रबंध, आईचे दवाखान्यातले रिपोर्ट, दिवाळी अंकासाठी अर्धी लिहून ठेवलेली कथा, यांतलं काहीच दिसत नाही. व्हायरस आलेला नसतो, हार्ड डिस्क बिघडलेली नसते, घरातल्या कुणी काही पुसलेलंही नसतं. नीट चौकशी केली तर पुष्कळदा असं निघतं की, त्या एकाच फोल्डरची राखण दोन क्लाउड सेवा एकाच वेळी करत होत्या.

एका घरात दोन-तीन सेवा येतात कुठून? त्यात लोकांचा निष्काळजीपणा नाही. ड्रॉपबॉक्स 2008 साली सर्वांसाठी खुलं झालं, अ‍ॅपलचं आयक्लाउड 2011 साली आलं, गूगल ड्राइव्ह 2012 साली, आणि मायक्रोसॉफ्टच्या सेवेला वनड्राइव्ह हे आजचं नाव 2014 साली मिळालं. फुकट मिळणारी जागा प्रत्येकाकडे वेगळी. ड्रॉपबॉक्सवर 2 जीबी, वनड्राइव्ह आणि आयक्लाउडवर 5 जीबी, गूगलवर 15 जीबी. पण त्या पंधरात जीमेल आणि फोटोही आले. 1 जून 2021 पासून गूगलवर नव्याने चढवलेले जवळजवळ सगळेच फोटो या हिशेबात धरले जाऊ लागले. मग मध्यमवर्गीय कुटुंबाने करायचं ते केलं. फोटो इकडे, कागदपत्रं तिकडे, ऑफिसचं तिसरीकडे. शिवाय नवा विंडोज लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केला की वनड्राइव्ह आपोआप हजर असतं. दोन ठिकाणी ठेवलं म्हणजे दुप्पट सुरक्षित, असा सरळ हिशेब मनात असतो. तो हिशेब कुठे फसतो, ते आज सांगायचं आहे.

या सेवा मुळात सिंक करतात. म्हणजे लॅपटॉपवर जे आहे ते क्लाउडवर, आणि क्लाउडवर जे आहे ते लॅपटॉपवर, असं दोन्ही बाजूंना सारखं ठेवतात. फाइल वाढली तर तिकडे वाढते, पुसली तर तिकडेही पुसली जाते. एकच सेवा असेल तर हे चोख चालतं. एकाच फोल्डरवर दोन सेवा बसल्या की मात्र पतपेढीत एकाच खातेवहीवर दोन कारकून बसवल्यासारखं होतं. दोघंही प्रामाणिक, पण एकाने केलेला बदल दुसऱ्याला मालकाचा हुकूम वाटतो.

प्रत्यक्षात काय घडतं ते पाहा. वनड्राइव्हमध्ये 'फोल्डर बॅकअप' नावाची सोय आहे. ती सुरू केली की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डर मूळ जागेवरून उचलून वनड्राइव्हच्या फोल्डरच्या पोटात नेली जातात. नावं तीच राहतात, चित्रं तीच राहतात, पत्ता बदलतो. आता समजा, दुसरी एखादी सेवा आधीपासून जुन्या पत्त्यावर नजर ठेवून आहे. तिला दिसतं की इथलं सगळं गेलं. ते दुसऱ्या खोलीत हलवलंय हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मालकाने पुसलं असावं असं धरून ती आपल्या क्लाउडवरूनही ते काढून टाकू शकते, आणि त्या खात्याला जोडलेल्या बाकी कॉम्प्युटरांवरूनही. मग माणूस घाबरतो आणि वनड्राइव्हचं बॅकअप बंद करतो. बंद केल्यावर फायली बऱ्याचदा वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहतात आणि मूळचं डेस्कटॉप मोकळं दिसतं. फायली त्याच लॅपटॉपवर असतात, आणि माणूस मात्र सगळं गेलं म्हणून रडकुंडीला आलेला असतो. बटणावर 'बॅकअप' लिहायचं आणि प्रत्यक्षात सामान हलवायचं, ही पद्धत मला अन्यायाची वाटते. मालकाच्या वस्तू हलवण्याआधी त्याला समजेल अशा भाषेत, आपल्याकडे तर मराठीत, स्पष्ट विचारलं गेलं पाहिजे.

दुसरी गुंतागुंत आहे दिसणाऱ्या पण नसणाऱ्या फायलींची. 2017 पासून विंडोजवर वनड्राइव्हमध्ये अशी सोय आहे की फाइलचं फक्त नाव लॅपटॉपवर राहतं आणि खरा मजकूर क्लाउडवर. नावाशेजारी छोटा ढग दिसतो. उघडायला गेलं की फाइल उतरते. जागा वाचवायला ही युक्ती उत्तम. पण दुसरी सेवा याच फोल्डरची प्रत घ्यायला आली, तर ती एकेक फाइल उतरवायला लावते आणि लॅपटॉपची डिस्क तुडुंब भरते. मग कुणीतरी जाणता शेजारी डिस्क मोकळी करायला ती नावं पुसतो. नाव पुसलं की तिकडे मूळ फाइलही पुसली जाते.

या सेवांपैकी एकटी एकही डोळे झाकून विसंबावी अशी नाही, हे नोव्हेंबर 2023 मध्ये दिसलं. गूगल ड्राइव्हच्या कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅपच्या 84 क्रमांकाच्या आवृत्तीत काही लोकांच्या फायली दिसेनाशा झाल्या. गूगलने दोष मान्य केला, आणि तेव्हा जी सूचना दिली ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. अ‍ॅपमधलं 'खातं तोडा' हे बटण दाबू नका, आणि अ‍ॅपने कॉम्प्युटरवर साठवलेला डेटा पुसू किंवा हलवू नका. कारण क्लाउडवर अजून न पोचलेल्या फायली त्या तात्पुरत्या साठ्यातच असण्याची शक्यता होती. पुढे डिसेंबरमध्ये त्या परत मिळवण्याची सोय अ‍ॅपमध्ये आली. ज्यांनी घाईघाईने खातं तोडून पुन्हा जोडलं, त्यांनी अशी सोय येण्याआधीच आपली वाट अवघड करून घेतली असणार.

मग दुसरी सेवा नकोच का? हवी, फक्त ती पहिलीपासून अलग हवी. मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरचं 'प्रायव्हेट क्लाउड' सबस्क्रिप्शनच चुकीच्या मांडणीमुळे पुसलं गेलं. तिथे दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती होत्या, पण दोन्ही त्या एकाच सबस्क्रिप्शनला बांधलेल्या, म्हणून दोन्ही गेल्या. पाच लाखांहून अधिक सभासदांना सुमारे आठवडाभर आपली खाती पाहता येईनात. सगळं पुन्हा उभं राहण्यात मोठा वाटा होता तो दुसऱ्या कंपनीकडे स्वतंत्रपणे ठेवलेल्या प्रतींचा. पहिलीकडे काय पुसलं जातंय हे त्या प्रतींना कळायचा मार्गच नव्हता, म्हणून त्या वाचल्या.

आपल्या घरातही हे जमतं. एका फोल्डरला एकच सेवा नेमावी. दुसरी ठेवायची तर तिचं फोल्डर वेगळं, आणि त्यात आपल्या हाताने प्रत टाकायची. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. घरातल्या प्रतीसाठी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क पुरे. काम झालं की ती काढून कपाटात ठेवावी, कायम जोडून ठेवू नये. दुसऱ्या सेवेत ठेवलं आणि विसरलो, असंही करू नका. दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती गूगल पुसू शकतं. ते धोरण डिसेंबर 2023 पासून अमलात आहे.

आणि फायली दिसेनाशा झाल्याच, तर सर्वात आधी वायफाय बंद करा. पुसणं पुढे पसरायचं थांबतं. काहीही अनइन्स्टॉल करू नका, कुठलंही खातं तोडू नका. दुसऱ्या मोबाइलवरून किंवा कॉम्प्युटरवरून ब्राउझरमध्ये त्या-त्या सेवेचं खातं उघडा, कारण तिथे दिसतं तेच क्लाउडवर खरोखर आहे. प्रत्येक सेवेची कचरापेटी वेगळी, तेव्हा दोन्हीकडच्या तपासा. गूगल ड्राइव्हवर पुसलेली फाइल 30 दिवस राहते, वैयक्तिक वनड्राइव्हवरही 30 दिवस, आणि ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यावरही तेवढेच. लॅपटॉपवर फाइलच्या नावाने संपूर्ण सी ड्राइव्हमध्ये शोध घ्या. वनड्राइव्हच्या पोटातलं डॉक्युमेंट्स असंच सापडतं. एकाच नावाच्या दोन फायली मिळाल्या आणि एकीच्या नावात 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं असलं, तर ती फालतू समजून पुसू नका. दोन्ही उघडून शेजारी-शेजारी वाचा. शेवटचे दोन परिच्छेद पुष्कळदा तिच्यातच असतात.