आठ महिन्यांत दुसरी पावनखिंड



फलकावरचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावात येऊन हा गृहस्थ अमेरिकेतल्या सुपरहिरोंवर काय बोलणार? पण तुमच्याच घरातली नातवंडं स्पायडरमॅनचं चित्र असलेलं दप्तर पाठीला लावून शाळेत जातात. तेव्हा सुरुवात त्याच्यापासून करतो आणि मग घोडखिंडीत येतो.

२००२ साली सॅम रायमी या दिग्दर्शकाचा ‘स्पायडरमॅन’ आला. शाळेच्या सहलीत एका पोराच्या हाताला कोळी चावतो, अंगात अचाट बळ येतं, त्याच्याच बेफिकिरीमुळे ज्या बेनकाकांनी त्याला वाढवलं ते मारले जातात, आणि त्या बोचणीतून नायक घडतो. तीन भाग निघाले, तिसरा २००७ मध्ये. पुढे पाचच वर्षांनी, २०१२ मध्ये, नवा नट आणि नवा दिग्दर्शक घेऊन गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे रीबूट! पुन्हा कोळी, या खेपेला मानेवर. पुन्हा बेनकाका गेले. एकाच काकाच्या तेराव्याला पोरं दोनदा जेवली. २०१६ मध्ये तिसरा नट आला. तेव्हा मात्र मंडळींना थोडी अक्कल आली होती. २०१७ च्या चित्रपटात कोळी चावण्याचा प्रसंगच नाही. मित्र विचारतो, हा दोन वाक्यांत विषय संपवतो. पंधरा वर्षांत तीन स्पायडरमॅन!

एवढी घाई कशासाठी? कल्पना आटल्या, हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं. खरी मेख करारात आहे. स्पायडरमॅन मार्व्हलचा, चित्रपटाचे हक्क सोनीकडे. ठरावीक मुदतीत चित्रपट काढत राहिलं नाही, तर हक्क मूळ मालकाकडे परत जातात. म्हणजे प्रेक्षकाला भूक लागली की नाही हे कोणी विचारत नाही, तारीख आली की ताट वाढायचं. याचं कळसाचं उदाहरण ‘फँटॅस्टिक फोर’चं. हक्काची मुदत संपत आली म्हणून नव्वदीच्या दशकात त्यावर हॉलिवूडच्या हिशेबाने चिल्लर पैशांत एक चित्रपट उरकला. १९९४ मध्ये तो लागायचा होता, पण चित्रपटगृहात कधी लागलाच नाही. कागदावर चित्रपट झाला, हक्क वाचले. पुढे त्याच चौघांची गोष्ट २००५, २०१५ आणि २०२५ अशी तीनदा नव्याने मांडली गेली. त्यातला २०१५ चा चित्रपट सपशेल आपटला.

तुम्ही ऊसवाले, तुम्हाला हे लगेच कळेल. पुढचा भाग काढणं म्हणजे खोडवा. बेणं वाचतं, मशागत वाचते, लागणीची मजुरी वाचते. उतारा थोडा कमी पडला तरी परवडतो. निडव्याला माल आणखी घटतो. इथवर हिशेब समजण्यासारखा आहे. पण निडवा तुटल्या तुटल्या, मध्ये ताग नाही, हरभरा नाही, बेवडाचा विचार नाही, आणि त्याच रानात परत उसाचीच लागण करायची, याला तुमच्यातला कोणी शहाणा शेतकरी तयार होईल का? स्टुडिओ होतात. कारण रान त्यांच्या मालकीचं नसतं.

आता आपल्याकडे वळू. आपले नायक कॉमिकमधले नव्हेत, हाडामांसाचे होते, आणि त्यांचे हक्क कोणाच्या तिजोरीत नाहीत. बाजीप्रभू कोणाच्याही मालकीचे नाहीत. मग घाईचं कारणच नको. पण २०२२ हे साल आठवा. १८ फेब्रुवारीला दिग्पाल लांजेकरांचा ‘पावनखिंड’ लागला. अजय पूरकर बाजीप्रभू, चिन्मय मांडलेकर महाराज. करोनामुळे रखडलेला चित्रपट, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. एप्रिलमध्ये ‘शेर शिवराज’, मे महिन्यात ‘सरसेनापती हंबीरराव’. आणि २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, ‘हर हर महादेव’. त्यात शरद केळकर बाजीप्रभू, सुबोध भावे महाराज, आणि कळस पुन्हा तीच खिंड.

आठ महिन्यांत दुसऱ्यांदा तेच! पन्हाळ्याचा वेढा, सिद्दी जौहर, आषाढातला पाऊस, शिवा काशिदांचं बलिदान, मग ती खिंड आणि विशाळगडावरच्या तोफांकडे लागलेले कान. १३ जुलै १६६० चा हा प्रसंग आपल्याला तिसरी-चौथीपासून पाठ आहे. पाठ असलेली गोष्ट पुन्हा ऐकायला आपली ना नसते, हे खरं. पण पहिल्या चित्रपटातल्या तोफेचा बार अजून कानात घुमत असताना दुसरी तोफ डागली की दोन्हींचा आवाज बसतो. दुसऱ्या चित्रपटाची चर्चा तर इतिहासाची मोडतोड झाली की नाही याच वादात वाहून गेली. शरद केळकरांचीही गंमत बघा: २०२० च्या ‘तान्हाजी’त महाराज तेच होते, दोन वर्षांनी बाजीप्रभूही तेच. नट उत्तम आहे, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण मुजरा घेणारा आणि मुजरा करणारा चेहरा एकच झाला की खेड्यातला प्रेक्षकही जरा गडबडतो.

इथे मला एक उलटी गोष्ट दिसते. तिकडे हक्क एकाकडे असतात, म्हणून ते निसटतील या भीतीने घाई. इकडे हक्क कोणाकडेच नाहीत, म्हणून दुसरा आधी काढील या भीतीने घाई. कारणं विरुद्ध, पण पडद्यावर दिसतं ते सारखंच.

कोणी म्हणेल, ‘छावा’चं काय? संभाजी महाराजांवर फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘शिवरायांचा छावा’, नोव्हेंबरमध्ये ‘धर्मरक्षक महावीर छत्रपती संभाजी महाराज’, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लक्ष्मण उतेकरांचा हिंदी ‘छावा’. एका वर्षात तिसरा, आणि तोच तुफान चालला. आक्षेप बिनतोड आहे, मी तो टाळत नाही. पण देशभरच्या हिंदी प्रेक्षकाला आधीचे दोन्ही ठाऊक नव्हते. त्याच्यासाठी ही पहिलीच भेट होती. आणि ज्याच्या हाती पैसा मोठा, त्याने तेच कथानक उचललं की आधीच्या मराठी चित्रपटांची आठवणही पुसली जाते. घाईत फायदा होतो, पण बहुधा शेवटी येणाऱ्या धनवंताचा.

पुन्हा सांगणं वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. आपला सिनेमा उभाच त्यावर राहिला. फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि चारच वर्षांनी, १९१७ मध्ये, तीच कथा पुन्हा चित्रित केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली रिळं यातल्या कोणत्या सालची, यावर अभ्यासकांचा अजून वाद आहे. पण तेव्हा प्रती गावोगाव फिरून झिजत, आणि जुना चित्रपट पुन्हा बघायची आजच्यासारखी सोय नव्हती. १९३२ मध्ये प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ म्हणून हरिश्चंद्रच पुन्हा आणला, कारण आता त्याला बोलता येत होतं! बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ चा, मूक. त्यात काम केलेल्या शांतारामबापूंनी दहा वर्षांनी ‘सिंहगड’ बोलता केला. दरवेळी जुन्या गोष्टीला काहीतरी नवं मिळालं होतं. तुकोबांची पालखी तुमच्या भागातून दरवर्षी पुढे जाते. त्या तुकोबांवर प्रभातने १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ काढला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसला त्याचा गौरव झाला. चंद्रकांत कुलकर्णींचा ‘तुकाराम’ आला २०१२ मध्ये. प्रभातच्या तुकारामाशी, विष्णुपंत पागनिसांशी, तुलना झालीच, पण नव्या तुकारामाला स्वतःच्या पायावर उभं राहायला जागा होती.

म्हणून निर्मात्यांना माझं सांगणं आहे: रीबूटच करायचा असेल तर तो आपल्या जिल्ह्यातच पडून आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धात जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला तो १९४६ मध्ये, नायकही स्वतःच. त्याला आठ दशकं होत आली. तो चित्रपट पाहिलेलं माणूस या मंडपात शोधावं लागेल. आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेले सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे? शहरातला एक चौक त्यांची आठवण ठेवून आहे. मार्शल लॉ लागलेलं शहर, चार धर्म-जातींचे चार तरुण, आणि एकच पहाट. पटकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा काय हवं?

तिकीट तुम्ही काढता, तेव्हा थोडा विचार तुम्हीही करा. आठ महिन्यांत तीच लढाई परत आली तर खुशाल घरी बसा. आणि कोणी कोटणीसांवर चित्रपट काढलाच, तर पहिल्या आठवड्यातच जा. दुसऱ्या आठवड्यात मराठी चित्रपटाला संध्याकाळचा खेळ मिळेल याची खात्री नसते.