बंद पाठीचे हेडफोन आणि संबळाचा आवाज



मी मराठीचा अध्यापक. हेडफोनांविषयी बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. अधिकार एवढाच की वेतनाची थकबाकी हाती आली तेव्हा घरच्यांनी शीतकपाट घ्या म्हटले असताना मी सुमारे लाखभर रुपयांचा बंद पाठीचा हेडफोन घेतला. त्यानंतर तो उत्तमच आहे असे मानणे मला भागच होते. लाख रुपये दिलेला माणूस दुसरे काय म्हणणार?

ही माझी समजूत मोडली ती गेल्या उन्हाळ्यात, आणि मोडली ती लातूरकडच्या एका गोंधळीबाबांमुळे. पण त्याआधी बंद पाठ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो.

हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक पातळ पडदा असतो. तो पुढे सरकला की कानाकडची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. म्हणजे एकच पडदा पुढे एक लाट पाठवितो आणि मागे तिच्या नेमकी उलटी. ही मागची लाट मोकळी जाऊ दिली तर तो उघड्या पाठीचा हेडफोन. जर्मनीच्या सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ काढला आणि ही उघडी तर्‍हा रूढ केली. बंद तर्‍हा तिच्याहून जुनी. बायर कंपनीचा डीटी ४८ हा १९३७ सालचा, आणि अमेरिकेत जॉन कॉस यांनी स्टिरिओ संगीतासाठी हेडफोन आणला तो १९५८ साली.

बंद वाटीत मागची लाट कोंडली जाते. भिंतीवर आपटून ती पडद्याकडे परत येते आणि पुढच्या आवाजात मिसळते. वाटीतले अंतर चार सेंटीमीटर धरले तर सुमारे ४,३०० हर्ट्झपाशी उभी लाट तयार होते. आपला कान ज्या टापूत सर्वांत तीक्ष्ण असतो त्याच्या ही अगदी लगतची जागा. म्हणून महागड्या बंद हेडफोनांची सारी कारागिरी या कोंडलेल्या लाटेचे काय करावे यातच खर्ची पडते. सेनहायझरने २०१८ मध्ये एचडी ८२० ला वक्र काचेची पाठ दिली, जेणेकरून लाट पडद्यावर न परतता बाजूच्या कोपर्‍यांत जाऊन शोषली जावी. जपानच्या डेनॉनने एएच-डी ९२०० च्या वाट्या बांबूच्या केल्या. डॅन क्लार्क यांच्या २०२१ च्या स्टेल्थमध्ये पडद्यासमोर बारीक नळ्यापोकळ्यांची एक जाळीच बसविली आहे. ही नावे मी बांधणी समजावी म्हणून घेतली. पुढे जो निकाल सांगणार आहे त्यात कोणाचेही नाव घेणार नाही, आणि आमच्या परीक्षेत यांपैकी एकही नव्हता.

आता कोणी म्हणेल, उघडी पाठ निर्दोष असेल तर बंद हवी कशाला? त्याने मे महिन्यात नांदेडला यावे. पंखा बंद करून पाच मिनिटे बसून दाखवावे. पंखा, रस्त्यावरचा ट्रक, पलीकडच्या मंगल कार्यालयातला बॅंडबाजा, हे सारे असताना उघडा हेडफोन म्हणजे खिडकी उघडी टाकून गाणे ऐकणे. तरी एक खरे, की बंद वाटीही बारीक, उंच आवाज चांगला अडविते. पंख्याची खालची घरघर फारशी अडत नाही. शिवाय चामड्याच्या गादीखाली कानाला घाम येतो तो वेगळाच.

तर ती गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी लातूरला ध्वनिमुद्रणाचे काम करतो. भजनी मंडळे, भारुडे, लग्नातली गाणी. गेल्या वर्षी त्याने जिल्ह्यातल्या एका खेड्यात सत्तरी ओलांडलेल्या गोंधळीबाबांचा संबळ ध्वनिमुद्रित केला. पुतण्याने आख्यान लावले, नातवाने तुणतुणे धरले. बाबांचा उजवा हात तेव्हाच कापू लागला होता. पुन्हा वाजवून घेण्याची शक्यता फारशी नव्हती. जे काही करायचे ते आहे त्या मुद्रणातूनच करावयाचे होते. पोराने आठ-पंधरा दिवस खपून आवाजांची जुळणी केली आणि बाबांना ऐकविली. बाबा शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "ह्यो संबळ कुणाचा हाय? माझा न्हाई."

पोरगा थेट लोहा-अहमदपूरची बस धरून माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, माझा हेडफोनच हलका आहे. पतसंस्थेचं कर्ज काढायलोय. तुमच्यासारखा घेऊ का?"

खरे सांगतो, 'घे' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. कारण त्याने माझ्यासारखा घेतला असता तर माझीही खरेदी शहाणपणाची ठरली असती. पण त्याचे कर्ज तो फेडणार, मी नव्हे. म्हणून म्हटले, आधी पाहू.

तीन हेडफोन जमविले. त्याचा पंधरा हजारांच्या आतबाहेरचा, माझा लाखाचा, आणि पुण्याच्या एका स्नेह्याकडून आठ दिवसांच्या बोलीवर आणलेला त्याहूनही महाग. पहिल्या संध्याकाळी माझा सर्वांत सरस वाटला. मला वाटला, त्याला वाटला, आणि आमच्या भौतिकशास्त्राच्या सहकार्‍यांनाही वाटला. मात्र ते गृहस्थ शास्त्राचे. त्यांनी पुठ्ठ्याची एक गोल चकती कापली, मधल्या भोकात मोजणीचा बारीक मायक्रोफोन बसविला, चकती प्रत्येक गादीवर दाबून धरली आणि धबधब्यासारखा सलग आवाज सोडून मोजमाप केले. माझा हेडफोन बाकीच्यांपेक्षा चार डेसिबलने मोठा वाजत होता! मोठा आवाज माणसाला भरदार वाटतो, आणि भरदार तो चांगला वाटतो. तिन्ही सारखे करून पुन्हा ऐकले तेव्हा आमची अर्धी स्तुती विरून गेली. दुकानात उभे राहून तुलना करणार्‍यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

दुसरी फसगत माझ्या चष्म्याची. चष्म्याची काडी गादीखाली गेली की फट पडते आणि खालचे स्वर त्या फटीतून निसटतात. चष्मा काढला तर तोच हेडफोन निराळा. माझे आणि माझ्या विद्यार्थ्याचे मत का जुळत नव्हते, ते तिथे उमगले.

डोळे बांधून ऐकावे तर तेही पुरेसे नाही, कारण वजनावरून आणि गादीच्या स्पर्शावरून कुठला ते डोक्याला कळतेच. हीच अडचण अमेरिकेत हर्मन कंपनीचे संशोधक शॉन ऑलिव्ह यांना आली. त्यांनी एकाच हेडफोनमधून निरनिराळ्या हेडफोनांची आवाजाची घडण वाजवून दाखविली, म्हणजे डोक्यावरचे ओझे तेच आणि आवाज तेवढा बदलता. २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापे किमतीशी ताडून पाहिली. त्या घडणीचा आणि किमतीचा संबंध त्यांना आढळला नाही. हे वाचून मला बरे वाटले नाही.

आमच्याकडे तसली साधने नव्हती. पण काम होते. पोराला म्हटले, ऐकू नकोस, काम कर. दोन-दोन दिवसांच्या अंतराने त्याने तेच आख्यान तिन्ही हेडफोनांवर तीनदा जुळविले. सहकार्‍यांनी क्रम उलटसुलट करून तीन चिठ्ठ्या केल्या आणि आम्ही खेड्यात जाऊन एकाच स्पीकरवर तिन्ही जुळण्या बाबांना ऐकविल्या. कुठली कशाची, हे बाबांना ठाऊक नव्हते आणि आम्हालाही नव्हते.

लाखाच्या हेडफोनवर केलेला संबळ बाबांनी पहिल्या झटक्यात बाद केला. कारण मागाहून कळले ते साधे आहे. माझा हेडफोन खालचा स्वर मुळापेक्षा फुगवून देतो. कानाला तो गोड लागतो. पण जुळणी करणार्‍याला वाटते संबळ फार घुमतो आहे, म्हणून तो त्याला कमी करतो, आणि मग तोच संबळ दुसर्‍या कुठल्याही यंत्रावर वाळक्या भोपळ्यासारखा वाजतो. ऐकण्याची गोडी आणि खरेपणा यांतला हा फरक मला दोन वर्षे कळला नव्हता.

पुण्याहून आणलेला मात्र खरोखर चांगला निघाला, हे कबूल केले पाहिजे. त्यात तुणतुण्याची तार आणि झांज अलग ऐकू येत. मुद्रणाच्या वेळी दूर कुठेतरी गेलेली मोटारसायकलही त्यातच प्रथम सापडली. बाबांनी त्या जुळणीला "बरं हाय" म्हटले. पोराच्या स्वतःच्या हेडफोनवरची जुळणीही बाबांना तिच्याच जवळपासची वाटली. मग पहिल्या वेळी का बिघडली?

उत्तर गादीत होते. त्याच्या हेडफोनच्या गाद्या तीन उन्हाळ्यांत तडकून भेगाळल्या होत्या. मोजमाप घेताना चकती नीट बसेना, म्हणून सहकार्‍यांनी नव्या गाद्या मागवून घातल्या होत्या आणि आम्ही ती गोष्ट विसरूनही गेलो होतो. भेगांतून खालचा स्वर गळत होता. तो भरून काढण्यासाठी पोराने संबळ इतका वाढविला होता की घरच्या स्पीकरवर तो ढोलासारखा दणाणत होता. गाद्यांची किंमत दीड हजार रुपये.

कर्जाचा अर्ज त्याने मागे घेतला. मी त्याला आणखी एक सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तास ऐकायचे तर ८० डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी करावी लागते. तो रोज आठ तास बसतो. गादी नीट बसली की बाहेरचा गलका कमी होतो आणि आवाज खाली ठेवता येतो. त्याने खाली ठेवला आहे, असे तो म्हणतो.

परवा त्याने नवी जुळणी घेऊन बाबांकडे पुन्हा खेप घातली. बाबा ऐकताना बोटांनी मांडीवर ठेका धरून होते. संपल्यावर म्हणाले, "संबळ आता माझा हाय. पर नातवाचं तुणतुणं लई मागं ठिवलंय तू." आता ते पुढे आणण्याचे काम चालले आहे.