धाकटी अम्मै

तमिळ भाषेत देवीच्या रोगाला ‘पेरियम्मै’ म्हणतात आणि कांजिण्यांना ‘चिन्नम्मै’. एक थोरली, दुसरी धाकटी. तंजावरजवळ पुन्नैनल्लूर येथे भोसले राजांच्या आश्रयाने वाढलेले मारियम्मनचे मंदिर आहे. अशा दुखण्यांत त्या देवीला शरण जावे, दारी कडुनिंबाचा डहाळा लावावा, ही तिकडची जुनी चाल.

थोरलीचा जगातून अस्त झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. धाकटी उरली, पण तिचा धाक उरला नाही. ‘लहानपणीच येऊन गेलेल्या बऱ्या’ असे म्हणून निरोगी लेकराला मुद्दाम रोग्याजवळ बसवणारे आईबाप देशोदेशी आढळतात. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हे. प्रौढपणी कांजिण्या अधिक जाचतात आणि एकदा येऊन गेल्या की सहसा परतत नाहीत. परंतु कोणत्या मुलाला न्यूमोनिया किंवा मेंदूचा दाह होईल, हे आधी कोणी सांगावे? शिवाय तो विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो व उतारवयात नागिणीच्या रूपाने उठतो.

जपानचे मिचिआकी ताकाहाशी यांनी आपल्याच मुलाला कांजिण्यांनी अत्यवस्थ झालेले पाहिले होते. १९७४ साली त्यांनी लस सिद्ध केली. आईबापांना हवे असलेले संरक्षण तिच्यातून लाभते. त्यासाठी मूल पणाला लावावे लागत नाही.