कारागिरांच्या गावी : मेक्सिकोची एक सहल

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी आपणांस दूरच्या एका देशाच्या सहलीला नेणार आहे. त्या देशात मी स्वतः पाऊल ठेवलेले नाही, हे आधीच कबूल करतो. शिक्षकाचा प्रवास बहुधा नकाशावरून आणि पुस्तकांतूनच होतो. परंतु ही सहल मला का सुचली, ते प्रथम सांगतो.

मागे माझ्या वर्गातील एका मुलाने शाळेचा अर्ज भरून दिला. सर्व रकाने सुवाच्य अक्षरांत भरलेले होते. 'वडिलांचा व्यवसाय' एवढा एकच रकाना कोरा होता. विचारले तेव्हा तो खाली मान घालून उभा राहिला. शेजारच्या मुलानेच हळूच सांगितले, "सर, त्याचे अब्बा गवंडीकाम करतात." ज्या हातांनी गावातली निम्मी घरे उभी केली, त्या हातांची त्यांच्याच मुलाला लाज वाटत होती. त्या दिवसापासून ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

आता नकाशा पाहू. उत्तर अमेरिका खंडात मेक्सिको हा देश आहे. १५२१ ते १८२१ अशी तीनशे वर्षे तेथे स्पेनची सत्ता होती. त्या काळात वसविलेली शहरे आणि त्यांच्या आसपासची कारागिरांची गावे पाहण्यास आज जगभरातून लोक जातात.

आपण प्रथम पुएब्ला या शहरी उतरू. हे शहर १५३१ मध्ये वसले. येथील चर्च, वाडे, इतकेच काय, स्वयंपाकघरेसुद्धा निळ्या-पिवळ्या चिनी मातीसारख्या फरशांनी मढविलेली आहेत. या फरशीला स्पॅनिश भाषेत 'आसुलेखो' म्हणतात. हा शब्द अरबी 'अझ्-झुलैज'वरून आला. कुंभाराला तेथे 'आल्फारेरो' म्हणतात. सूरह रहमानमध्ये भाजलेल्या मातीसाठी 'फख्खार' हा शब्द येतो, त्याच शब्दाच्या घराण्यातला हा शब्द आहे. मातीच्या भांड्यावर कथिलाची पांढरी झिलई चढवून तीवर रंगकाम करण्याची ही विद्या नवव्या शतकात इराकच्या कारागिरांनी सिद्ध केली. चीनच्या शुभ्र भांड्यांची बरोबरी साधावी, ही त्यांची ईर्षा होती. तेथून ती स्पेनच्या मुस्लिम राज्यांत पोहोचली आणि स्पॅनिश कुंभारांबरोबर समुद्र ओलांडून पुएब्लात आली. पुढे मनिलाहून येणाऱ्या गलबतांतून खरी चिनी भांडीही मेक्सिकोत उतरू लागली. ती पाहून पुएब्लाच्या कुंभारांनी आपली निळी नक्षी आणखी सुधारली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १४९२ मध्ये ग्रानाडाचे राज्य बुडाले. पुढे तेथील मुसलमानांना सक्तीने धर्मांतर करावे लागले, आणि १६०९ ते १६१४ या काळात त्यांच्या वंशजांनाही स्पेनमधून हाकलून देण्यात आले. अमेरिकेत जाण्याची तर त्यांना मनाईच होती. माणसांना बंदी झाली, परंतु हुनराला बंदी घालता आली नाही. कारण तो हुनर तोपर्यंत दुसऱ्यांच्या हातांत उतरलेला होता. पुएब्लाजवळच्या चोलुला गावी एक मोठे ख्रिस्ती प्रार्थनास्थळ आहे. त्यावर एकोणपन्नास घुमट आहेत, आणि ते पाहून लोकांना कॉर्डोबाच्या मशिदीची आठवण होते.

पुएब्लाच्या कुंभारांनी १६५३ मध्ये आपल्या धंद्याचे नियम ठरविले. उस्ताद होण्यासाठी परीक्षा द्यावी लागे आणि मालावर आपली खूण उमटवावी लागे. म्हणजे परीक्षा काही फक्त शाळेतच असते असे नाही! याच शहरात १६४६ मध्ये बिशप पालाफोक्स यांनी आपली पाच हजार पुस्तके दान केली. अट एकच होती : ती सर्वांना वाचावयास खुली असावीत. ते ग्रंथालय आजही उभे आहे. एका गल्लीत भट्टी आणि दुसऱ्या गल्लीत ग्रंथालय, असे हे शहर आहे.

तेथून पश्चिमेस मिचोआकान प्रांतात जाऊ. येथील पुरेपेचा लोकांवर प्रारंभी फार जुलूम झाला. १५३० मध्ये त्यांच्या राजाला स्पॅनिश अधिकाऱ्याने ठार मारले. अशा उद्ध्वस्त मुलखात वास्को दे किरोगा हा गृहस्थ आला. तो मूळचा कायदेपंडित, पुढे बिशप झाला. त्याने गरिबांसाठी वसाहती स्थापन केल्या. तेथे दिवसाला सहा तासच काम करावे, असा नियम होता. १५४० मध्ये त्याने पात्स्क्वारो येथे विद्यालय काढले. निरनिराळ्या गावांना निरनिराळे धंदे त्यानेच लावून दिले, असे तेथील लोक परंपरेने सांगतात. खरे पाहता तांब्याचे काम पुरेपेचा लोकांना स्पॅनिश येण्याआधीपासून अवगत होते. तरी लोक त्याला प्रेमाने 'ताता वास्को' म्हणतात. 'ताता' म्हणजे वडील, आपल्या 'तात्यां'सारखेच.

आजही सांता क्लारा देल कोब्रे या गावी घणांचे आवाज ऐकू येतात. तांब्याचा तापलेला गोळा मध्ये ठेवून चार-पाच जण पाळीपाळीने घण घालतात, आणि एकाच तुकड्यातून हंडा घडतो. एकाचा ताल चुकला तर काम बिघडते. पाराचो गावी घरोघर गिटारी होतात. आणि त्या विद्यालयाचे काय झाले? ते पुढे मोरेलिया शहरी हलले. त्याच विद्यालयाचे विद्यार्थी आणि नंतरचे प्रमुख मिगेल इदाल्गो यांनी १८१० मध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्याची हाक दिली. आज तेथे विद्यापीठ आहे.

शेवटी दक्षिणेस ओआहाका शहराजवळील सान बार्तोलो कोयोतेपेक या खेड्यात जाऊ. येथे राखाडी रंगाची साधी मडकी होत. १९५०च्या दशकात दोन्या रोसा या कुंभारणीच्या ध्यानात आले, की अर्धवट सुकलेले मडके गारगोटीने घासले आणि थोड्या कमी आचेवर भाजले, तर ते काळेभोर आणि आरशासारखे चकचकीत निघते. अशा मडक्यात पाणी मात्र ठरत नाही, ते शोभेचेच. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर बसून ती आपले काम करून दाखवी. आज ते सारे गाव त्या काळ्या मातीच्या कामासाठी ओळखले जाते. आपल्या मुलींनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

पालकहो, ही सहल मी पूर्वजांच्या बढाया मारण्यासाठी काढलेली नाही. आजोबांनी घुमट बांधला म्हणून नातवाचे घर उभे राहत नाही. मला एवढेच सांगावयाचे आहे, की जो हुनर शिकविला गेला तो टिकला, आणि जेथे हुनराशेजारी पुस्तक होते तेथे कारागिराची मान ताठ राहिली.

आपण दोन चुका करतो. काही जण म्हणतात, "शिकून काय करणार? कामाला लावा." आणि आठवीतच मुलाचे दप्तर सुटते. मग तो आयुष्यभर दुसऱ्याने मांडलेल्या हिशोबावर अंगठा उठवतो. दुसरे काही जण मुलाला शिकवितात, परंतु त्याच्यासमोर स्वतःच्याच धंद्याला हलके म्हणतात. मग मुलगा रकाना कोरा सोडतो. पहिल्या चुकीने इल्म जातो आणि दुसरीने हुनर. गवंड्याच्या मुलाने भूमिती शिकावी आणि विणकराच्या मुलीने रंगांचे रसायनशास्त्र शिकावे. त्याबरोबर रविवारी तासभर बापाच्या शेजारी बसून ओळंबा कसा धरतात, तेही पाहावे.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक शब्द लिहून दाखविला : 'आल्बान्यील'. स्पॅनिशमध्ये गवंड्याला हेच म्हणतात. तो अरबी 'अल्-बन्ना'वरून, म्हणजे 'बांधणारा' यावरून आलेला आहे. "तुझ्या अब्बांच्या कामाचे नाव समुद्रापार गेले आहे," एवढेच मी म्हणालो. तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत त्याने आपला अर्ज परत मागून घेतला आणि कोऱ्या रकान्यात लिहिले, 'गवंडी'.

तसा रकाना आपल्यापैकी कोणाच्याही मुलाने कोरा सोडू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय हिंद.