अनेक व्याधी आणि एक रोगी



वसंत ऋतूतील या व्याख्यानांना येणारा श्रोता काव्य, इतिहास, राजकारण यांची अपेक्षा मनात धरून येतो. त्याच्यापुढे गोळ्यांच्या डब्याविषयी बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. तथापि येथे बसलेल्या मंडळींपैकी पुष्कळांच्या घरी असा डबा आहे, आणि त्याचे झाकण दिवसातून तीन-चार वेळा तरी उघडते, असे आम्ही समजतो. त्यातील प्रत्येक गोळी कोणीतरी जाणत्या माणसाने विचार करून दिलेली असते. आमचा आजचा प्रश्न एवढाच की, त्या सर्व गोळ्या मिळून जी बेरीज होते, ती कोणी पाहिली आहे काय?

आधुनिक वैद्यकाची सारी उभारणी ‘एक रोग, एक उपचार’ या सूत्रावर झाली. विषमज्वर, न्युमोनिया, क्षय अशा रोगांशी झुंजताना ते सूत्र उपयोगीही पडले. पण मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात, हृदयविकार हे पाहुणे आले की परत जात नाहीत, आणि एकेकटे राहतही नाहीत. औषधांमुळे माणूस त्यांच्यासह पुष्कळ वर्षे जगतो, ही आनंदाचीच गोष्ट होय. मात्र त्यामुळे एका देहात चार-पाच रोगांचा संसार सुरू होतो, आणि ‘एक रोग’ हे गृहीत गळून पडते.

हे किती व्यापक आहे याचा हिशेब स्कॉटलंडमध्ये फार काळजीपूर्वक मांडला गेला. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तेथे सामान्यतः प्रत्येक नागरिकाचे नाव कोणा ना कोणा कुटुंबवैद्याच्या दवाखान्यात नोंदलेले असते व त्याची टिपणे तेथेच साठतात. अशा ३१४ दवाखान्यांतील सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात १०० पैकी २३ जणांना दोन वा अधिक दीर्घकालीन विकार असल्याचे आढळले. हे सारे म्हातारेच असतील असा आपला तर्क असेल, तर तो चुकीचा आहे. प्रमाण वयाबरोबर वाढते हे खरे. पण अशा रुग्णांची संख्या मोजली, तर निम्म्याहून अधिक पासष्टीच्या आतले निघाले. आणि अत्यंत गरीब वस्त्यांतील लोकांना हे दुखणे सुखवस्तू वस्त्यांतील लोकांपेक्षा दहा ते पंधरा वर्षे आधीच गाठते, हेही त्या पाहणीने दाखवून दिले.

आता औषधांकडे वळू. २००५ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉ. सिंथिया बॉइड आणि त्यांचे सहकारी यांनी एक विलक्षण साधा प्रयोग केला. त्यांनी कागदावर एक आजीबाई उभी केली. वय ७९ वर्षे. मधुमेह, रक्तदाब, फुफ्फुसांचा जुना विकार, सांधेदुखी आणि हाडांचा ठिसूळपणा, असे पाच विकार. प्रत्येक विकारासाठी तज्ज्ञ मंडळांनी घालून दिलेले नियम त्यांनी तंतोतंत पाळले आणि या आजीबाईला काय काय करावे लागेल याची यादी केली. निष्पन्न झाले ते असे : बारा औषधे, दिवसातून पाच वेळा मिळून एकोणीस मात्रा, आणि महिन्याला ४०६ डॉलर खर्च. शिवाय आहार, व्यायाम, तपासण्या यांची पथ्ये वेगळीच. एकही नियम चुकीचा नव्हता. पण पाच शहाण्यांचे शहाणपण एकत्र केल्यावर जे तयार झाले, ते पाळणे कोणा माणसाच्या आवाक्यातले नव्हते. याचे कारणही उघड आहे. औषधांच्या चाचण्या बहुधा एकच विकार असलेल्या, वयाने त्यातल्या त्यात लहान रुग्णांवर होतात. आणि त्यांचे निष्कर्ष आपण पाच विकार असलेल्या ऐंशीच्या माणसाला लावतो.

धोका कोठे असतो? आम्हाला त्याच्या तीन वाटा दिसतात. पहिली वाट म्हणजे एका रोगाचे औषध दुसऱ्या रोगाला बाधणे. गुडघेदुखीवरील डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या शरीरातील ज्या द्रव्याला आवर घालून वेदना थांबवतात, तेच द्रव्य जठराच्या अस्तराचे रक्षण करीत असते. ज्याला पूर्वी अल्सर झाला आहे, त्याच्या पोटात अशा गोळीने रक्तस्राव होऊ शकतो.

दुसरी वाट, एका औषधाने दुसऱ्याशी हातमिळवणी करणे. रक्तदाबासाठी ‘रामिप्रिल’च्या वर्गातील गोळी असते, सोबत लघवी वाढवणारी गोळी असते, आणि गुडघा दुखला म्हणून वर वेदनाशामक गोळी येते. वेदनाशामक गोळी मूत्रपिंडात रक्त शिरण्याची वाट आवळते. रामिप्रिल बाहेर पडण्याची वाट सैल करते. लघवीची गोळी शरीरातील पाणीच कमी करते. तिन्ही मिळून रक्त गाळण्यासाठी लागणारा दाब उरत नाही. ब्रिटनमधील नोंदींवरून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या तिकडीने मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी आणि पहिल्या महिन्यात तर ८२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. जुलाब-उलट्या होत असताना हा धोका आणखीच बळावतो.

तिसरी वाट सर्वांत फसवी. औषधाचा दुष्परिणाम हाच नवा रोग समजला जातो. अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने काहींच्या घोट्यांवर सूज येते. सूज दिसली म्हणून लघवीची गोळी दिली जाते. तिने पोटॅशियम उतरते. त्यावर आणखी एक औषध येते. मूळची गोळी मात्र आपल्या जागी सुखाने नांदत असते. गोळीने गोळीला जन्म द्यावा आणि वंश वाढत जावा, असा हा प्रकार आहे.

मग उपाय काय? येथे संशोधनाने एक मोलाची गोष्ट सांगितली आहे. इंग्लंडमध्ये ७२ दवाखान्यांत एक चाचणी झाली. ती ‘पिन्सर’ या नावाने ओळखली जाते आणि तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. अर्ध्या दवाखान्यांना संगणकाने धोक्यातल्या रुग्णांची यादी काढून दिली आणि काम त्यांच्यावर सोपवले. उरलेल्या दवाखान्यांत त्या यादीबरोबर एक फार्मासिस्ट गेला. त्याने डॉक्टरांबरोबर बसून चुका पाहिल्या आणि बारा आठवडे त्यांचा पाठपुरावा केला. सहा महिन्यांनी पाहता, फार्मासिस्ट गेलेल्या दवाखान्यांत अल्सरच्या रोग्याला संरक्षक औषधाविना वेदनाशामक दिले जाणे, दम्याच्या रोग्याला बीटा-ब्लॉकर दिले जाणे, रक्ततपासणीविना वृद्धांची रक्तदाबाची औषधे चालू राहणे, या चुका स्पष्टपणे कमी झाल्या होत्या. यादी दोघांनाही मिळाली होती. फरक पडला तो यादी हातात घेऊन बसणाऱ्या माणसामुळे. पुढे २०१६ साली स्कॉटलंडमधील अशाच एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तेथे डॉक्टरांना शिक्षण, धोक्यातले रुग्ण दाखवणारे संगणकीय साधन आणि फेरतपासणीबद्दल थोडा मोबदला दिला होता. धोक्याची औषधे मिळणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ३.७ टक्क्यांवरून २.२ टक्क्यांवर आले, आणि पोटातील रक्तस्रावामुळे रुग्णालयात दाखल होणेही घटले.

सगळीच फळे गोड निघाली असे मात्र सांगता येत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थ्री-डी’ नावाच्या चाचणीत इंग्लंड व स्कॉटलंडमधील १,५४६ बहुव्याधी रुग्णांपैकी निम्म्यांची दर सहा महिन्यांनी समग्र तपासणी करण्याची योजना होती. पंधरा महिन्यांनी त्यांच्या जीवनमानाच्या मापात फरक दिसला नाही. पण आपले ऐकून घेतले गेले, आपल्याला काय महत्त्वाचे वाटते हे विचारले गेले, असे सांगणारे रुग्ण त्या गटात अधिक होते. कोणी म्हणेल, यात काय मिळवले? आमच्या मते हेही थोडके नव्हे. व्याधी मुळापासून जाणार नाहीत हे एकदा मान्य केले, म्हणजे त्यांच्यासह कसे जगावयाचे हे ज्याचे त्याला विचारणे हाच उपचाराचा गाभा ठरतो.

आता आपल्या घराकडे पाहू. आपल्याकडे नाव नोंदलेला कुटुंबवैद्य असण्याची सक्ती नाही. पूर्वी गल्लीतला फॅमिली डॉक्टर आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांची प्रकृती जाणत असे. ती संस्था शहरांतून विरळ होत चालली आहे. आज आपण हृदयासाठी एकाकडे, साखरेसाठी दुसऱ्याकडे, गुडघ्यासाठी तिसऱ्याकडे जातो. चौथ्याचा काढा चालू असतो, आणि शेजारच्या काकूंना गुण आलेली गोळी आपण मेडिकलमधून आणतो ती वेगळीच. डायक्लोफिनॅक चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे आपण जाणताच. त्यातच एकच औषध अनेक कंपन्यांच्या निरनिराळ्या नावांनी मिळते. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी एकच औषध दिले, तर रोगी ते दुप्पट घेतो आणि कोणाच्या ध्यानीही येत नाही. बारभाईंच्या शेतीत काय हाती लागते, ते आपल्या भाषेने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

यावर सरकारने आणि वैद्यकाने पुष्कळ करावयाचे आहे. २०१५ च्या फार्मसी नियमांत रुग्णाला औषधे समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम म्हणून नमूद आहे. ते काउंटरवर घडले पाहिजे. पण आपल्या हातीही काही आहे. घरातील सर्व औषधे, काढे आणि चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून वर्षातून एकदा तरी एकाच डॉक्टरपुढे ठेवावीत. औषधांची यादी, वेष्टनावर छापलेल्या मूळ नावासह, जवळ बाळगावी. नवे औषध मिळाले की विचारावे : हे कशासाठी? किती दिवस? हे आले तर जुने एखादे बंद करता येईल काय? रुग्णालयातून घरी आल्यावर जुनी आणि नवी यादी ताडून पाहावी. आणि एक गोष्ट विसरू नये : हे व्याख्यान ऐकून कोणी आपली गोळी परस्पर बंद करू नये. बीटा-ब्लॉकर, स्टिरॉइड, फेफऱ्याची औषधे एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते. कमी करावयाचे तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि सावकाश.

आम्हा डॉक्टर मंडळींनाही या निमित्ताने एक सांगावेसे वाटते. औषध सुरू करणे ही विद्या आपण महाविद्यालयात शिकलो. ते केव्हा थांबवावे ही विद्याही तितक्याच आदराने शिकली पाहिजे. रोग कितीही असोत, ते सोसणारा माणूस एकच असतो, आणि बेरीज त्याच्याच देहात होत असते. ती पाहण्याची जबाबदारी कोणीतरी आपली म्हणून उचलली पाहिजे.