शिकवलं, पण पोहोचलं का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज आपल्याशी बोलायचं आहे ते महाविद्यालयातल्या प्राध्यापकांविषयी. त्यांना शिकवायला कोण शिकवतं, याविषयी. मी स्वतः प्राध्यापक नाही. बी. ए. झालो आणि मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक म्हणून लागलो. तीस वर्षांहून अधिक काळ त्याच खिडकीमागे बसतो आहे. घरात आम्ही दखनी बोलतो, कविता मात्र मी मराठीत लिहितो. प्राध्यापकांच्या नेमणुका, रजा, पदोन्नती यांच्या फायली माझ्या टेबलावरून जातात आणि खिडकीपलीकडे विद्यार्थी उभे असतात. दोघांच्या मधोमध बसणाऱ्या माणसाला काही गोष्टी दिसतात. त्या आपल्याला सांगाव्यात, एवढाच हेतू.

आपल्याकडे लहान मुलांना शिकवायचं तर डी. एड. किंवा आताचं डी. एल. एड. लागतं. हायस्कूलला शिकवायचं तर बी. एड. लागतं. बी. एड. करताना पाठ-टाचण काढावं लागतं, खऱ्या वर्गावर पाठ घ्यावे लागतात आणि मागच्या बाकावर मार्गदर्शक वही उघडून बसलेले असतात. ही परंपरा आपल्याकडे जुनीही आहे. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं होतं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, जिला शाळेत जाताना लोकांचा त्रास सोसावा लागला, त्या बाईंनीही शिकवण्याची विद्या आधी शिकून घेतली.

महाविद्यालयाचं मात्र वेगळं आहे. पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट, पीएच. डी., अशा पात्रता तिथे मागितल्या जातात. विषय किती येतो हे त्यातून कळतं. शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं, अशी अट नाही. नेटच्या पहिल्या पेपरात पन्नास प्रश्न असतात आणि अभ्यासक्रमाचे दहा घटक. त्यातला एक घटक अध्यापनाचा. म्हणजे त्याच्या वाट्याला पाच प्रश्न, तेही चार पर्यायांतून एकावर खूण करायचे. आमच्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला डबा बांधून, आणि काठावर कोणीतरी जाणता उभा असतो म्हणून. काठावर बसून पाच प्रश्नांना खुणा केल्या, म्हणून कोणाला पोहता आल्याचं मी पाहिलेलं नाही.

सरकारचं याकडे लक्षच गेलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात नव्या प्राध्यापकांच्या उद्बोधनाचा विचार मांडला होता. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं १९८७ पासून विद्यापीठांमध्ये अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजं सुरू केली. नव्यांसाठी चार आठवड्यांचा ओरिएंटेशन आणि जुन्यांसाठी विषयवार तीन आठवड्यांचा रिफ्रेशर. २०१५ मध्ये या संस्थांचं नाव मानव संसाधन विकास केंद्र झालं आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. आज देशभरात अशी शंभराहून अधिक केंद्रं आहेत. पाटी दोनदा बदलली. आत काय बदललं, हे पाहायला हवं.

माझ्या टेबलावर या अभ्यासक्रमांचं प्रमाणपत्र येतं ते पदोन्नतीच्या फायलीला जोडून. त्यामुळे प्राध्यापकांच्या बोलण्यातला शब्दही ठरलेला: "रिफ्रेशर टाकून आलो." जसं कर्जाचा हप्ता टाकावा, तसं. जाऊन आलेले सर-मॅडम जे सांगतात, त्यात चांगलंही खूप असतं. चार जिल्ह्यांतली माणसं भेटतात, नवी पुस्तकं कळतात, एखादा विद्वान मनापासून बोलतो. पण दिवसाचा क्रम विचारावा, तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार व्याख्यानं. 'व्याख्यान पद्धतीच्या मर्यादा' या विषयावरही दीड तासाचं व्याख्यानच! जो विषय शिकायला ही मंडळी गेली, तो करून पाहायला त्यांना पाच मिनिटंही मिळालेली नसतात.

आता खिडकीपलीकडचं सांगतो. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे काही मुलं दाखला परत न्यायला येतात. अर्जात कारणाची एक ओळ असते. तिथे बहुतेकांनी 'घरगुती अडचण' असं लिहिलेलं असतं. ती खोटी असते असं नाही. कुणाच्या घरी ऊसतोडीला हात कमी पडतात, कुणाचं लग्न ठरतं. पण अर्ज घेताना मी दोन शब्द बोलतो, आणि मग हळूच दुसरं कारण बाहेर येतं. तांड्यावरून रोज दोन बस बदलून येणारी एक मुलगी म्हणाली, "चाचा, तासाला काही कळतच नाही. मग एवढं भाडं कशाला घालायचं?" तिच्या घरी गोरमाटी बोलतात. शाळेत तिनं मराठी नीट शिकून घेतली होती. पण 'अर्थव्यवस्थेतील संरचनात्मक बदल' हे वाक्य फळ्याकडे तोंड करून कुणी घाईनं सांगितलं, तर ते तिच्यापर्यंत कसं पोहोचावं? घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली ती पहिलीच. वर्गात न कळलेलं समजावून सांगेल असं घरी कोणी नाही, आणि शिकवणी लावायला पैसे नाहीत. शहरातल्या मुलाला प्राध्यापक चांगला मिळाला नाही, तर त्याचे गुण कमी होतात. हिचं शिक्षण संपलं.

तिला शिकवणारे सर आळशी नव्हते. भरपूर वाचणारे, तास न बुडवणारे गृहस्थ. त्यांनी शिकवलं, यात शंका नाही. ते पोहोचलं की नाही, हे तपासायचं कसं, एवढं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या मते प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे.

आम्हा कवींची यात सोय असते. मुशायऱ्यात शेर पोहोचला तर समोरून 'मुकर्रर' येतं, म्हणजे पुन्हा म्हणा. नाही पोहोचला, तर लोक पान लावायला घेतात. कीर्तनकारालाही समोरच्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. लहानपणी मी मकतबात जात असे. तिथे रोजच्या नव्या धड्याला सबक म्हणायचे आणि मागच्या धड्याच्या उजळणीला आमोख्ता. आमोख्ता म्हणून दाखवल्याशिवाय नवा सबक मिळत नसे. उस्ताद बोलत कमी आणि ऐकत जास्त. ती पाठांतराची शाळा होती आणि महाविद्यालयाचं काम पाठांतरापलीकडचं आहे, हे मान्य. तरी पुढे जाण्याआधी मागचं ऐकून घ्यावं, ही रीत मात्र घेण्यासारखी आहे.

ही गरज फक्त आपल्या गावाकडची आहे असंही नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या शिकवण्याला विद्यार्थी भरघोस पसंती देत. १९९० च्या सुमाराला त्यांनी आपल्या वर्गाला अगदी साधे प्रश्न घातले. जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर जास्त बल लावतो, अशा धर्तीचे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार दोन्ही बलं सारखी. अवघड गणितं सोडवणारी ती हुशार मुलं तिथे अडखळली. मग मझूर यांनी पद्धत बदलली. थोडं बोलायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आपलं उत्तर ठरवायचं, उत्तरं वेगवेगळी आली तर शेजाऱ्याला पटवून द्यायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. नुकतंच समजलेल्या मुलाला, न समजलेल्याचं अडतं कुठे, ते नेमकं ठाऊक असतं. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होणारे सुमारे ३४ टक्के, तर मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२ टक्के. शंभरातली ही बारा मुलं म्हणजे माझ्या खिडकीशी उभी असणारी मुलं.

मग प्रशिक्षण कसं असावं? त्याची साधनं आपल्या घरातच आहेत. बी. एड. वाल्यांकडे 'सूक्ष्म अध्यापन' नावाचा प्रकार आहे. १९६३ च्या सुमाराला तो स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाला आणि एनसीईआरटीनं तो आपल्या परिस्थितीत बसवला. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं सहकाऱ्यांनी काय दिसलं ते सांगायचं, बारा मिनिटांत टाचण सुधारायचं, पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं, पुन्हा सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. एकूण छत्तीस मिनिटं. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं: प्रश्न विचारणं, उदाहरण देणं किंवा फळा वापरणं. महाविद्यालयात हे बालिश समजलं जातं. डॉक्टरेट झालेल्या माणसानं सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा म्हणजे काय, असा भाव असतो. पण तानपुरा घेऊन बसलेला मोठा गवईही रोज षड्ज लावतोच ना?

काही वर्षांपूर्वी मराठीच्या प्राध्यापकांच्या एका रिफ्रेशरमध्ये मला कवी म्हणून बोलावलं होतं. दोन तास माझ्या कविता वाचण्याऐवजी मी म्हटलं, तुमच्यापैकी तिघांनी आपल्या आवडीची एकेक कविता सहा मिनिटांत शिकवा. बाकीच्यांनी एफ. वाय. च्या मुलांच्या जागी बसून चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या. काय कळलं आणि काय कळलं नाही. नाव घालायचं नाही, आणि चिठ्ठ्या फक्त शिकवणाऱ्यानं वाचायच्या. एका ज्येष्ठ सरांनी सुरेख विवेचन केलं. नंतर खिडकीशी जाऊन ते बराच वेळ चिठ्ठ्या वाचत उभे राहिले. जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाले, "शेख, बावीस वर्षांत मला हे पहिल्यांदा कुणी सांगितलं. सतरा जणांना कवितेतला 'तो' कोण, हेच कळलेलं नाही." दुपारी त्यांनी स्वतःहून पुन्हा सहा मिनिटं मागितली. या वेळी त्यांनी कविता आधी दोनदा शांतपणे वाचली, 'तो कोण?' असा प्रश्न टाकला आणि थांबले.

हे थांबणंही शिकावं लागतं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी शाळांमधल्या विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला होता. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद थांबलं, तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. दुसऱ्या भाषेतून विचार करणाऱ्या मुलाला तर हे दोन सेकंद फार मोलाचे. मनातलं वाक्य त्याला आधी मराठीत आणावं लागतं.

यावर आक्षेप येतात आणि ते खरे आहेत. वर्गात शंभर-सव्वाशे मुलं, सेमिस्टर धावतं, अभ्यासक्रम संपवायचा असतो. पण चिठ्ठ्यांना तासाची शेवटची तीनच मिनिटं लागतात, आणि सगळ्या वाचायची गरज नसते. वीस वाचल्या तरी उद्या कुठून सुरुवात करायची ते कळतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आमच्याकडचे कितीतरी तास सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे, तरुण प्राध्यापक घेतात. त्यांना पैसे तासाचे मिळतात. पदोन्नतीचा प्रश्न नाही, म्हणून प्रशिक्षणाचं पत्रही त्यांच्या नावे आलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. पहिल्या वर्षाची सगळ्यांत कच्ची मुलं बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात. प्रशिक्षण पदोन्नतीला बांधलं, की ज्याला पदच नाही तो आपोआप बाहेर राहतो. ही गाठ सोडवायलाच हवी, आणि त्यांच्या प्रशिक्षणाच्या तासांचंही मानधन द्यायला हवं.

तोवर हातात असलेलं काम दोन रुपये खर्च न करता सुरू होऊ शकतं. प्रत्येक महाविद्यालयात दोन प्राध्यापकांनी जोडी जमवावी. सत्रात दोनदा एकमेकांच्या तासाला शेवटच्या बाकावर बसावं. गोपनीय अहवाल नाही, प्राचार्यांकडे कागद नाही. तास सुटल्यावर चहा घेता घेता फक्त एवढंच सांगायचं की मागे बसलेली मुलं कोणत्या वाक्यापर्यंत तुमच्याबरोबर होती आणि कुठे हात सुटला. आणि पालकहो, मुलगा घरी आला की 'तास झाले का?' एवढ्यावर थांबू नका. 'आज काय कळलं?' तेही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तीन सेकंद थांबा.