शास्त्र सोपं झालं, सबबी संपल्या



अध्यक्षाने आरंभी ऋण मानायचे आणि शेवटी सरकारकडे अनुदान मागायचे, असा आपल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनांचा रिवाज आहे. ऋण मानते. अनुदान मागणार नाही. मला जे मागायचं आहे ते तुमच्याकडेच मागायचं आहे, आणि ते देणं तुम्हाला जड जाणार आहे.

पंडिता रमाबाईंना हार घालण्यात आपण कधी कमी पडलो नाही. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनची सहल निघते, छापखान्याची माहिती ऐकली जाते, फोटो काढले जातात. पण बाईंनी संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर का केलं, हे आपण विचारत नाही. मराठीत बायबल नव्हतं म्हणून? तसं मुळीच नाही. सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी 1811 मध्येच मराठी नवा करार छापला होता. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांनीही हे काम हाती घेतलं. एकोणिसावं शतक निम्मं सरण्याआधी अख्खं बायबल मराठीत होतं. तरीही रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि जवळजवळ दीड तप त्या कामाला जुंपून राहिल्या. मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, तरी काम थांबलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये बाई स्वतः गेल्या. बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं. खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या.

ज्या बाईला 1878 मध्ये कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, जिला भागवत मुखोद्गत होतं, तिला जड मराठी लिहिता येत नव्हतं असं कोणी म्हणेल का? संस्कृतात जिचा हात कोणी धरू शकत नव्हतं, तिने मुद्दाम साधी, खेड्यातल्या बाईच्या तोंडची मराठी निवडली. कारण तिच्यासमोर पुण्यातले विद्वान नव्हते. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मुली होत्या. देव काय करायला सांगतो, ते त्या मुलीला दुसऱ्या कोणाला न विचारता कळलं पाहिजे, एवढाच बाईंचा हट्ट होता. कळल्याशिवाय पाळणार कशी?

आता मी वादाकडे येते. आपल्यात एक पक्ष आहे, तो म्हणतो की सोप्या भाषेने शास्त्राचं पावित्र्य जातं. उपासनेतली भाषा कानाला भारदस्त लागली पाहिजे, अर्थ मागाहून लागेल. या पक्षाला माझा सवाल आहे: मागाहून म्हणजे कधी? फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज होते, जेझुइट होते. त्यांनी 1616 मध्ये गोव्यात ख्रिस्तपुराण मराठी ओवीत दिलं, कारण इथल्या माणसाला कथा ओवीतच ऐकायची सवय होती. पुढे 1684 मध्ये त्याच गोव्यात पोर्तुगीज विजरईने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. एक माणूस लोकांच्या भाषेत वाकला, दुसऱ्याने लोकांनाच वाकवायला काढलं. न कळणाऱ्या भारदस्त भाषेचा आग्रह धरणाऱ्यांनी आपण या दोघांपैकी कोणाच्या रांगेत उभे आहोत ते पाहावं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मात्र ते नेमकं कळलं होतं. त्यांनी ‘सुबोध बायबल’ केलं आणि साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला. 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे, एका कॅथलिक धर्मगुरूकडे, आलं, तेही मराठीच्या बळावर.

दुसरा पक्ष अधिक हुशार आहे. तो म्हणतो, शास्त्र सर्वांच्या हाती दिलं की प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो आणि मंडळ्या फुटतात. मंडळ्या फुटतात हे खरं आहे. पण त्या वचनाच्या अर्थावरून किती फुटल्या आणि कंपाउंडच्या जागेवरून किती, याचा हिशेब एकदा मांडा, मग बोलू. शिवाय शास्त्रानेच याचं उत्तर दिलं आहे. नहेम्याच्या पुस्तकात एज्रा पाणीवेशीपुढच्या चौकात नियमशास्त्र वाचतो. समोर पुरुष आहेत, बायका आहेत, समज आलेली सगळी माणसं आहेत. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चालतं आणि मंदिरसेवक लेवी लोकांना अर्थ समजावतात. म्हणजे समजावणाऱ्याला काम आहेच. पण त्याने ग्रंथ आणि माणूस यांच्या मध्ये उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं. नव्या करारातल्या बिरुयाच्या लोकांनी तर पौलाचं बोलणंही रोज शास्त्र उघडून पडताळून पाहिलं, आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणी झाली आहे, झाडाझडती नाही. आमच्या किती पाळकांना असं पडताळून पाहणारी मंडळी आवडेल?

रमाबाई तशा होत्या. 1883 मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला बाप्तिस्मा झाल्यावर त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या बायकांशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. चर्च सांगतं एवढ्यावर मी मान हलवणार नाही, शास्त्रात कुठे आहे ते दाखवा, असा त्यांचा रोख होता. तो पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 मध्ये प्रसिद्ध केला. जरूर वाचा. त्यातली बाई आज आपल्या एखाद्या कारभारी मंडळावर असती, तर पहिल्याच बैठकीनंतर तिला घरी बसवलं असतं.

पण माझं खरं भांडण या दोन पक्षांशी नाही. ते तुमच्याशी आहे. शास्त्राची भाषा सोपी झाली, पुस्तक स्वस्त झालं, मोबाईलवर आलं, वाचता येत नसेल त्याला कानांनी ऐकता येतं. मग अडलं कुठे? नहेम्याच्या त्या प्रसंगाचा पुढचा भाग आपण वाचतच नाही. दुसऱ्या दिवशी घराघरांचे वडीलधारे एज्राकडे आले, पुन्हा वाचायला बसले. मांडवांत राहून सण पाळायची आज्ञा त्यांच्या नजरेस पडली. यहोशवाच्या काळापासून ती अशी कोणी पाळली नव्हती. त्यांनी समिती नेमली नाही. डोंगरावर जाऊन जैतुनाच्या, मेंदीच्या, खजुरीच्या फांद्या आणल्या आणि धाब्यांवर मांडव घातले. वाचलं, कळलं, केलं. शास्त्र सोपं करण्याचा हेतू एवढाच असतो.

आपण काय करतो? ख्रिस्तात भेद नाही हे गलतीकरांच्या पत्रात वाचतो आणि मुलीचं स्थळ बघताना पूर्वाश्रमीची जात विचारतो. भावाभावांनी न्यायालयात जाऊ नये हे करिंथकरांच्या पत्रात वाचतो आणि मंडळीच्या जमिनीच्या खटल्यांत वर्गणीचा पैसा वकिलांना देतो. विधवा आणि अनाथांकडे जाणं हीच निर्मळ भक्ती, असं याकोब सांगतो, आणि आमच्या विधवा संक्रांतीच्या हळदीकुंकवात नसतात तशा मंडळीच्या निर्णयांतही नसतात. डॉक्टरने दिलेली चिठ्ठी चौकटीत बसवून भिंतीला टांगावी आणि औषध घेऊ नये, तसं आपलं बायबलशी नातं झालं आहे. संपूर्ण मनाने देवाचं ऐकणं म्हणजे जे आज्ञापालन सोयीचं तेवढंच करणं नव्हे. जिथे आपली जात, जमीन आणि खुर्ची पणाला लागते, तिथे मन संपूर्ण आहे की अर्धं, ते दिसतं.

लेखकांनाही सोडत नाही. रेव्हरंड टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. आपण त्यांची गीतं गातो, त्या नोकरी सोडण्यावर मात्र फारसं बोलत नाही. वारशाचे लेख पुष्कळ झाले. आज मंडळीत काय चाललं आहे ते लिहा.

म्हणून या संमेलनापुढे मी तीन ठराव ठेवते. मंडळीच्या कोणत्याही मासिकात विवाहविषयक जाहिरातीत जातीचा उल्लेख छापू नये. मंडळीअंतर्गत मालमत्तेचा वाद आधी मंडळीतल्याच निःपक्ष माणसांपुढे जावा, त्यांत निम्म्या बायका असाव्यात. आणि दर आठवड्याला एक शास्त्रवाचन असं व्हावं, जिथे पाळक ऐकणारे असतील, वाचणारे आणि प्रश्न विचारणारे इतर असतील. अहिराणी, सामवेदी, ज्याची जी बोली तीत अर्थ सांगायला मोकळीक असेल.

यांतला एकही ठराव नवा नाही. तिन्ही तुमच्या घरच्या बायबलात आहेत, सोप्या मराठीत. मंजूर असतील तर हात वर करा. पण सचिवांना मी सांगून ठेवलं आहे, हात वर करणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि मंडळी लिहून घ्यायची. पुढच्या संमेलनात पहिलं सत्र त्या यादीच्या वाचनाचं असेल.